चिंगीच्या पेशी

१२ जून

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून व्याही या नात्याने रुसायचं असेल तर खुशाल रूस. भाऊ म्हणून रुसलास तर कान धरीन. माझी बेबी तुझ्या लंबूला दिल्यापासून तुला लिहायला बसले की मायन्यापासूनच पंचाईत होते. मामेभावाशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरून बसली कार्टी, आणि मी तुझी अक्का होते ती विहीणबाई होऊन बसले.

इकडे सगळं ठीक. भट्टीची एक बाजू खचली होती, ती ह्यांनी कुणाला हात लावू न देता स्वतःच बांधून काढली. बेकरीत गिऱ्हाईक बरं आहे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नवीन फोन घेतलाय आणि आमच्यासाठी निरोप घेईन म्हणालाय, तेव्हा त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय.

आता मुख्य गोष्ट. परवा इस्पितळातून पत्र आलं. माझी धाकटी, आपली चिंगी, शेवटी जिथे होती त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून. आज असती तर विशीची झाली असती. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय की चिंगीच्या रक्तातून घेतलेल्या पेशी त्यांच्याकडे अजून आहेत, वाढताहेत, आणि तिला नेमकं काय झालं होतं ते आता कळलंय. कुठल्याशा जनुकात एका अक्षराची चूक. भाऊ, त्या पत्रात 'जिवंत पेशी' असे शब्द आहेत. मी वाचता वाचता गल्ल्यावर बसकणच मारली.

रक्त घेतल्याचं मला आठवतं. एक कोवळा डॉक्टर दारात मान खाली घालून उभा होता. म्हणाला, हिच्यासाठी आता आमच्या हातात काही नाही, पण पुढेमागे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. मी म्हटलं, घ्या. मग सगळं घडलं त्यात ते रक्त मी विसरूनच गेले.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे मैदा मळत होते. ऐकून घेतलं आणि मळतच राहिले. त्या दिवशीचा पाव इतका चिवट झाला की गिऱ्हाइकं परत करायला आली. तुला ठाऊकच आहे, या घरात चिंगीचं नाव निघत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला भेटायला बोलावलंय आणि जवळच्या नातलगांचं रक्तही तपासायला मागितलंय. ते कशासाठी, हे मला उमजलं नाही. तू विज्ञानाचा मास्तर, तेव्हा जनुक म्हणजे काय ते मला कळेल असं लिही. बेबीला चौथा महिना आहे, तिच्या कानावर एवढ्यात घालू नकोस.

वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर ह्यांना बरोबर बसला. लोभ आहेच, विहिणीच्या मानापानात तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का


२१ जून

ती. सौ. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी दोन संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्या. तिथला ग्रंथपाल माझा जुना विद्यार्थी. एके काळी नापास केला होता मी त्याला, तरी त्याने खुर्ची दिली.

ऐक. आपल्या रक्तातल्या काही पेशी सतत गस्त घालत असतात. बाहेरचा जंतू सापडला की त्याचे तुकडे करतात आणि एक तुकडा तळहातावर धरावा तसा अंगाबाहेर धरून हिंडतात. तो पाहिल्यावरच लढणाऱ्या पेशींना कळतं की आज कुणाशी गाठ आहे. हा तळहात म्हणजे एक प्रथिन. चिंगीच्या पेशींना तो नव्हता. लढणाऱ्या पेशी तिच्याही अंगात होत्या गं, पण त्यांना दाखवणारं कुणी नव्हतं. म्हणून साधा खोकला यायचा आणि जायचाच नाही.

आणि खरी थक्क करणारी गोष्ट तर पुढेच आहे. तळहात बनवायची कृती चिंगीच्या पेशीपेशीत लिहिलेली होती, अगदी बिनचूक. मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्या कृतीत चूक शोधत बसले, सापडेना. चूक होती भलतीकडेच. 'आता ही कृती वाचायला घ्या' असा हुकूम देणारं एक वेगळंच जनुक आहे. त्याचं नाव सीटूटीए. ते गप्प, म्हणून सगळंच गप्प. हे जनुक अगदी अलीकडे दुसऱ्याच देशातल्या लोकांना सापडलं, आणि तुमच्या डॉक्टरीणबाईंना चिंगीच्या पेशींत त्यातलीच चूक दिसली. अक्का, कोट्यवधी अक्षरांत एक अक्षर! मी पुस्तक मिटून तिथेच बसून राहिलो. दिवे मालवायला आलेल्या शिपायाने बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

रक्त देण्याचं मात्र तूर्त राहू द्यावं असं मला वाटतं. बेबीचे दिवस नाजूक, त्यात उगाच शंकाकुशंका कशाला? लंबूलाही ऑफिसात काम फार आहे. बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग सावकाश पाहू. मलाही हल्ली सुई म्हटलं की कसंसंच होतं.

बेबीची प्रकृती उत्तम आहे आणि तुझी वहिनी तिला उभीसुद्धा राहू देत नाही. माझ्यावर नेहमीची माया असू दे.

तुझा,
भाऊ


२७ जून

चि. भाऊस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिली पानं मास्तरांनी लिहिली आहेत, शेवटचं पान कुणा भित्र्या माणसाने. सुईला घाबरतोस होय? लहानपणी विंचू बाटलीत भरून उशाला घेऊन झोपायचास तू.

मी औषधवाल्याच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या की चूक आई-बाप दोघांकडून आली तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आली तर त्याला पत्ताही लागत नाही. ह्यांची आजी आणि आपले आजोबा सख्खी भावंडं. म्हणजे चूक आपल्याच घरातून चालत आलेली. माझ्यात आहे तर तुझ्यातही असू शकते, तुझ्यातून लंबूत. आणि बेबी तर आमचीच. हे तुला ग्रंथालयात बसल्या बसल्या कळलं असणार. म्हणून तर हात आखडलास.

मी रागावले नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण आम्हाला त्या वेळी काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं रे. ती खोकली की मी खिडक्या लावायची, मग कुणी सांगितलं हवा लागू दे, की उघडायची. दूध बदललं, घर बदललं. एका बाईने माझ्या तोंडावर सांगितलं की तुझ्याच हेळसांडीने झालं. आज कळायची सोय असून डोळे मिटून बसायचं?

मुलांना सांग. तुला जमत नसेल तर मी येते आणि सांगते.

अक्का


५ जुलै

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मामांनी काल जेवताना सगळं सांगितलं. सुरुवात वाटाण्यापासून केली. हिरवे वाटाणे, पिवळे वाटाणे, त्यांची पोरं, नातवंडं. मामींना वाटलं भाजी बिघडली, त्यांनी पातेलं उचलूनच नेलं. मग मामा चिंगीच्या नावापाशी येऊन अडले. पुढचं ह्यांनी, म्हणजे तुमच्या लंबूने, विचारून विचारून काढून घेतलं.

आई, आम्ही दोघं बराच वेळ गच्चीवर बसलो होतो. पोटातल्या बाळाची आत्ताच तपासणी करता येते म्हणतात, पण तिच्यात थोडा धोका आहे, ती आम्हाला नको. बाळ हवंच आहे. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासायचं. दोष निघाला तर एकही आजार व्हायच्या आत त्याला जपायचं आणि जुळणाऱ्या माणसाच्या हाडातला मगज, बोन मॅरो म्हणतात तो, मिळवून बाळाला द्यायचा. डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सगळं नीट समजावलं. सोपं आहे असं म्हणाल्या नाहीत, ते मला बरं वाटलं.

आज आम्ही तिघांनी रक्त दिलं. मामांनी डोळे घट्ट मिटले होते, पण हात स्वतःहून पुढे केला.

मला चिंगी थोडी थोडी आठवते. ती गेली त्या दिवशी बाबांनी मला कडेवर घेतलं आणि विझलेल्या भट्टीसमोर खूप वेळ उभे राहिले. बाबा कसे आहेत? तू त्यांना एकटं टाकून इस्पितळात जाऊ नकोस, आणि ओढूनही नेऊ नकोस. (कसं ते तूच बघ.)

माझ्यावर रागावत जा, म्हणजे बरं वाटतं.

तुझी,
बेबी


१९ जुलै

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही जाऊन आलो. हो, आम्ही दोघं.

हे येणार नाही म्हणाले होते. मी निघाले तर हे दारात धुतलेला सदरा घालून उभे, हातात ताज्या पावांची पिशवी. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आत वळले असते.

प्रयोगशाळा म्हणजे मला काहीतरी झगमगीत वाटलं होतं. निघाली एक लांबट खोली. घरघरणारी कपाटं, काचेच्या नळ्या, खिडकीत कुणाचा तरी चहाचा कप. डॉक्टरीणबाई वयाने बेबीएवढ्याच दिसतात. त्यांनी आधी आमचे हात हातात घेतले, मग बोलायला सुरुवात केली. तिथे आणखी एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, पायात रबरी चपला. चिंगीच्या पेशींचं सगळं त्यांच्याकडे. रक्त आलं त्या दिवसापासून त्यांच्याचकडे. बऱ्याच पेशी पांढऱ्या वाफेच्या पिंपात गोठवून ठेवतात, आणि काही बाटल्यांत वाढत्या ठेवतात. त्यातली एक बाटली त्यांनी उजेडात धरली. गुलाबी पाणी आणि त्यात रव्यासारखे बारीक कण. मला पुढे व्हायचा धीर होईना.

हे पुढे झाले. विचारलं काय, तर ह्या खातात काय? बाई म्हणाल्या, साखर, क्षार, असं बरंच काही घातलेलं पाणी. दोन-तीन दिवसांनी ते बदलायचं आणि अर्ध्या पेशी काढून घ्यायच्या, नाहीतर दाटीनेच मरतात. हे म्हणाले, माझ्या खमिराचंही असंच आहे. रोज खायला घालायचं, अर्धं काढायचं, एक दिवस चुकला तर आंबून जातं. मग ह्यांनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी कोण येतं?

बाई हसल्या. त्या समोरच्याच इमारतीत राहतात. म्हणाल्या, मीच येते, संपातही मागच्या दाराने आले. एकदा दिवसभर वीज गेली तेव्हा थंड पडू नयेत म्हणून बाटल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून पलीकडच्या इमारतीत नेल्या, जिन्यावर लोक हसत होते.

भाऊ, हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग ह्यांनी पावांची पिशवी बाईंच्या हातात दिली, शाळेतल्या पोराने मास्तरांना द्यावी तशी दोन्ही हातांनी.

नंतर आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तळहात असेल तिथे चिकटून हिरवा चमकणारा एक रंग त्यांनी पेशींना लावला होता. पहिल्या काचेवर चिंगीच्या पेशी, जशा होत्या तशा. मी भिंगातून पाहिलं, काळोख. नुसता काळोख. मला वाटलं मलाच दिसत नाहीये. दुसऱ्या काचेवरही चिंगीच्याच पेशी, पण त्यांत ते जनुक चांगलं, बिनचुकीचं, बाहेरून घातलेलं.

कसं सांगू तुला. काळ्या आभाळात हिरव्या बांगड्याच बांगड्या. प्रत्येक पेशीभोवती एक कडं, बारीक, लखलखीत. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, आम्ही तळहात घातलेले नाहीत, ते तिने स्वतः केलेत. कृती तिच्याचपाशी होती, फक्त हुकूम मिळाला. इतकी वर्षं तशीच पडून होती रे ती कृती, आणि एका हुकुमासरशी सगळ्या पेशी जाग्या झाल्या. त्यांनी लगेच हेही सांगितलं की हे बाटलीत झालंय, माणसात अजून करता येत नाही. मला कळलं ते. तरी मी त्या काचेवरून डोळा काढला नाही.

हे तर उठेचनात. भिंगाला डोळा लावून बसले ते बसलेच. डॉक्टरीणबाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

परतताना बसच्या थांब्यावर हे एकाएकी म्हणाले, चिंगीला मैद्यात हात घालायला फार आवडायचं. आणि मग बोलतच राहिले. ती कुठल्या पायरीवर बसायची, कुणाच्या मिशांना घाबरायची, सगळं. दोन बसगाड्या गेल्या, आम्ही चढलो नाही.

तुमच्या रक्ताचं काय ते कळव. काहीही असलं तरी आधी मला कळव. जीव लावून आहेसच, तसाच राहा.

तुझी,
अक्का


८ ऑगस्ट

ती. सौ. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तुलाच कळवतो. चूक माझ्यात आहे, लंबूत आहे आणि बेबीतही आहे. म्हणजे बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक.

निकाल लंबूने वाचून दाखवला. कागद दुमडून खिशात ठेवला आणि बेबीला विचारलं, बाळाच्या खोलीला रंग कुठला द्यायचा? आता घरभर रंगाचा वास आहे. मी मात्र दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतो. शेवटी बेबीनेच मला खडसावलं की मामा, तुम्ही हे कुठून विकत आणलंत का?

खरंय तिचं. पण मी माझ्या हाताकडे पाहत बसतो. साठी जवळ आली, आणि आयुष्यभर एक मोडकं जनुक घेऊन हिंडतोय. त्याच्या जोडीला दुसरं चांगलं आहे, ते एकटं दोघांचं काम करतं. पन्नासवेळा पडसं झालं, टायफॉइड झाला, तू मला पाजलेलं तळ्याचं गढूळ पाणी पचलं. दर वेळी त्या एकट्याने हुकूम सोडला आणि मला खबरही नाही! मी मुलांना शरीर शिकवतो म्हणे.

दवाखान्याशी सगळं बोलून ठेवलंय. वेगळी खोली, नाळेतलं रक्त नेणारा माणूस, सगळं. तू महिनाभर आधी ये. तुझी वहिनी म्हणते, विहीण म्हणून आलीस तर मानाने वागवीन, नणंद म्हणून आलीस तर भांडी घासायला लावीन. ठरव काय ते, पण ये.

तुझा,
भाऊ


२ डिसेंबर

सौ. बेबीच्या आईस,

मला लिहायची सवय नाही, हे तुला माहीत आहे. काल मी पाव भट्टीत घालत होतो तेव्हा औषधवाला एका पायात चप्पल घालून धावत आला. म्हणाला, मुलगा झाला, बाळ-बाळंतीण ठीक, आणि तुमच्या मेहुण्यांनी दहावेळा बजावून सांगितलंय की तळहात आहेत. त्याला वाटलं की बाळाच्या हातात काही व्यंग असेल अशी आपल्याला भीती होती. तो माझे हात धरून म्हणाला, अहो, बोटंही असतील, काळजी करू नका. मी त्याला मिठी मारली. त्याचा शर्ट पिठाने पांढरा झाला. मागे सगळा पाव करपला.

दुकान बंद केलं आणि बाटल्यांच्या बाईंना जाऊन सांगून आलो. त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. त्यांच्या जागेवर जी मुलगी येणार आहे ती सध्या त्यांच्या हाताखाली शिकते. मी तिलाही भेटलो. काळजी घेईल असं वाटलं.

बेबीला माझा आशीर्वाद. थंडी आहे, शाल घेत जा.

बेबीचे बाबा


१७ सप्टेंबर

ती. सौ. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार.

बातमी अशी की आपल्या नातवाला, गुंड्याला, सर्दी झाली.

आता घाबरू नकोस, पूर्ण वाच. सोमवारी त्याचं नाक वाहायला लागलं, मग कणकण, संध्याकाळपर्यंत अंग चांगलंच तापलं. त्याच्या रक्ताचा अहवाल आपल्या सगळ्यांना पाठ आहे. एक जनुक बिघडलेलं, एक चांगलं, पेशींवर तळहात, माझ्यासारखाच. तरी त्याचा पहिला खोकला ऐकला आणि या घरात कुणाचा अहवालावर विश्वास उरला नाही. तुझी वहिनी खिडक्या लावायची, बेबी उघडायची. लंबू ऑफिसला गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले साधी सर्दी आहे, पाजत राहा, वाट पाहा. वाट पाहा! अक्का, त्या दोन शब्दांनी तुला त्या वेळी काय काय सोसायला लावलं असेल ते मला आता कळलं.

मी शाळेतून रजा घेतली आणि पाळण्याशी बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. नाक पुसायचं आणि बघायचं. तो चिरचिरला, रडला, दूध टाकून दिलं, माझ्या खांद्यावर शेंबडाची रांगोळी काढली. आणि मी त्याच्या त्या तापलेल्या पोटावर हात ठेवून विचार करत होतो की या क्षणी आत कुणीतरी एक तुकडा तळहातावर धरून दाखवतंय. दुसऱ्या कुणीतरी तो पाहिला असेल. गर्दी जमली असेल, कामं वाटली गेली असतील. बाहेर मात्र एवढंच दिसत होतं की बाळ किरकिर करतंय. एवढी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, पण एका सर्दीसमोर कधी शांत बसलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या कपाळाला हात लावला तर घाम. ताप उतरला होता. कुणी काही केलं नव्हतं गं. ना मी, ना डॉक्टरांनी. त्याने डोळे उघडले, माझा चष्मा ओढला, काच चाटली आणि भुकेने भोकाड पसरलं. मी हाक मारली तर सगळे धावत आले आणि एका पोराच्या वाहत्या नाकाभोवती आम्ही चार शहाणी माणसं हसत, रडत उभी राहिलो. बेबी म्हणाली की आईला आणि बाबांना आजच्या आज लिहा, त्यांना सांगा की त्याला सर्दी झाली आणि ती गेली. 'गेली' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहा म्हणाली. तर ती गेली, अक्का.

गेली म्हणजे माझ्याकडे आली. कालपासून मीच शिंकतोय, हा कागद दोनदा बदलला. तुझी वहिनी काढे देते आहे, पण मला कशाचीच घाई नाही. नातवाने दिलेली पहिली वस्तू आहे, मी ती मोठ्या मानाने घेतली आहे.

भावोजींना नमस्कार. तुमचा लोभ वाढत राहो, आणि सर्दी मात्र माझ्यापाशीच थांबो.

तुझा,
भाऊ